कापणीच्या सणातली पपई

पिकलेल्या पपईचा वास आला की ठाण्याच्या आमच्या चर्चमधला कापणीचा सण आठवतो. रेशनचे दिवस होते. शेजारच्या विधवा बाईंनी वेदीपुढे आपल्या शेतातल्या तांदळाचं अख्खं पोतं ठेवलं. आईने परसातली पपई पदराखाली झाकून आणली होती. “देवाने सगळं त्यांनाच दिलंय,” ती पुटपुटली. उपासनेनंतर वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात बाईंनी नेमकी आमचीच पपई घेतली आणि आईला म्हणाल्या, “अगं, मला एकटीला संपायची नाही. संध्याकाळी पोरांना घेऊन ये.” आई हो म्हणाली, पण मनातून ओशाळली असावी, आम्ही गेलो नाही. त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तिने आम्हा भावंडांपैकी एकेकाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. आता माझ्याकडेही पपई अर्धी उरते, तेव्हा कळतं, भिंतीपलीकडे त्या किती वेळ वाट बघत बसल्या असतील.