इंजिनाखालचा दगड

गॅस कटरवाला दौंडहून निघाला होता आणि समोरचं इंजिन बोटीचं की शेतातलं, हे मला अजून ठरवता येत नव्हतं.

मांडवगण फराट्यात, भीमेच्या काठालगत, आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा होतो. आप्पांच्या वडिलांनी हे इंजिन मुंबईच्या भंगार बाजारातून आणलं आणि त्यावर पंप चालवून नदीचं पाणी उसाला दिलं. पुढे विजेची मोटर आली. तेव्हापासून खंडेनवमीला पूजा झाली की ते थोडा वेळ सुरू करायचं, एवढंच. आता त्या जागी आप्पांच्या मुलाला, विकासला, कांदाचाळ बांधायची होती, म्हणून इंजिन कापून भंगारात द्यायचं ठरलं होतं. कांदा बाहेर ताडपत्रीखाली सडायला लागला होता, त्यामुळे त्याचंही काही चुकत नव्हतं. पण आप्पांना इंजिनाचे तुकडे झालेले बघवणार नव्हते. त्यांनी नातीला फोटो काढायला लावून कोकणातल्या जुन्या बोटींच्या एका म्युझियमला पाठवले. म्युझियमने मला पाठवलं.

मी जन्मभर जहाजांवर इंजिनिअर होतो. रिटायर झाल्यापासून जुनी मरीन इंजिनं, म्हणजे बोटीत बसवायची इंजिनं, ओळखून देतो. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर पाण्यातला पंखा उलटा फिरवावा लागतो, म्हणून इंजिनाच्या मागे रिव्हर्स गिअर असतो. तो दिसला की काम सोपं. इथे गिअरच्या जागी पट्ट्याची पुली होती. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप नव्हता, नावाची प्लेटही नव्हती. बरं, काही कंपन्या तेच इंजिन थोडा फरक करून शेतीलाही विकत. त्यात दर खंडेनवमीला घरच्यांनी हिरव्या ऑइल पेंटचा एकेक हात मारलेला. नंबर असलाच तर त्याखाली गाडला गेला होता.

म्युझियमच्या मॅडमचा फोन आला. त्यांना सगळी अडचण सांगितली.

"अंदाज नकोय मला. हो की नाही, तेवढं सांगा. अंदाजावर मी क्रेन नाही पाठवू शकत."

मॅडम बोलल्या ते बरोबरच होतं, म्हणून जास्त राग आला.

तेवढ्यात कटरवाला आला आणि टेम्पोतून सिलिंडर उतरवू लागला. आप्पा इंजिनाजवळ गेले. खांद्यावरच्या टॉवेलने इंजिनावरची धूळ पुसत राहिले. ते बघून मला बाहेर जावंसं वाटलं.

मी पुन्हा वाकून बघितलं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे पुढच्या जड चाकाच्या बाजूला, इंजिनाच्या फ्रेमखाली एक चपटा काळा दगड होता. त्याच्यामुळे अख्खं इंजिन मागे कललेलं. खेड्यातली तडजोड, असं मनात म्हणून मी सकाळीच त्यावरून नजर फिरवून मोकळा झालो होतो. आता दिसलं की दगडालाही हळद-कुंकू लावलेलं आहे.

"आप्पा, हा दगड कशाला?"

"ती वडलांची रीत हाय. मधी एका गवंड्यानं दगड काढून इंजिन सपाट बसवलं, तर बेअरिंगच जळालं. दगड परत घातला, तवापासून तक्रार न्हाई. म्हणून त्याचीबी पूजा. का, ते आमाला न्हाई कळलं."

मला मात्र त्या क्षणी कळलं.

बोटीतलं इंजिन सरळ नसतंच. पंख्याचा दांडा मागे, खाली पाण्यात उतरतो, म्हणून इंजिनही तसंच तिरपं बसवतात. तेल मागच्या टोकाला जमतं आणि तेल उचलणारी नळीही तिथेच असते. ते सपाट ठेवलं की नळी कोरडी पडते आणि बेअरिंग जळतं. शेतातल्या इंजिनाला दगड लागला नसता.

मी कटरवाल्याला थांबायला सांगितलं. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून आत हात घातला. तळ मागे उतरता होता, नळी अगदी टोकाला. मग अशा इंजिनांवर जिथे नंबर ठोकतात, तिथे थिनरने रंग पुसायला घेतला. विकासही चिंधी घेऊन शेजारी बसला. हिरव्याखालून हिरवंच निघत राहिलं, आणि शेवटी अक्षरं. पहिली दोन फक्त मरीन इंजिनांवरच ठोकतात ती. असं इंजिन मी फक्त जुन्या मॅन्युअलमध्ये पाहिलं होतं; इथे ते जाम न होता हाताने फिरत होतं. मला खरंच हायसं वाटलं.

मॅडमना एका शब्दात सांगितलं, "हो."

आप्पा पोत्यावर बसले आणि त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला. कटरवाल्याची फेरी फुकट गेली नाही. शेडचं दार अरुंद होतं, म्हणून त्याने इंजिनाऐवजी दाराचे लोखंडी खांब कापले. क्रेन आली तेव्हा इंजिन अखंड बाहेर निघालं. विकासला कांद्याला जागा मिळाली.

ट्रक निघताना आप्पा दगड उचलून घेऊन आले.

"साहेब, ह्यो बी न्या. ह्याच्याबिगर त्याचं जमायचं न्हाई."

म्युझियममध्ये मॅडमनी विचारलं, हळद-कुंकू लावलेला हा दगड काय आहे. मी म्हटलं, स्पेअर पार्ट. तो आज इंजिनाखालीच आहे.

तेव्हापासून कुठलंही यंत्र वाकडं बसवलेलं दिसलं की मी आधी घरच्यांना विचारतो, सरळ केलं होतं तेव्हा काय झालं.