सुई डॉक्टरीणबाईंची, राग माझ्यावर

आज सकाळपासून आभाळ भरून आलंय, पण पडत काही नाही. नुसतं गार वारं. अशा दिवशी सावेडीतल्या आमच्या कुत्र्यांच्या दवाखान्यात गर्दी कमी. मग बसल्या बसल्या एकेक आठवतं. किस्से काही मी लिहून ठेवले नाहीत. डोक्यातच दाटीवाटीनं राहतात बिचारे.

माझं काम सोपं. मादीचं पिशवी काढायचं ऑपरेशन असलं, की तिचा पुढचा पाय धरायचा आणि कोपरापाशी अंगठा दाबायचा. शीर फुगते. डॉक्टरीणबाई सुई घालतात, भुलीचं औषध सावकाश सोडतात, आणि कुत्रीची मान माझ्या हातावर येते. टोचतात बाई, कापतात बाई. पण झोपताना शेवटचं तोंड दिसतं ते माझं! टाके काढायला आली, की बाईंपुढं शेपूट हलवते आणि माझ्यावर गुरगुरते.

*

भुलीचं एक औषध दुधासारखं पांढरं असतं. कोल्हारचे एक पाहुणे कुत्री घेऊन आले होते. डेअरीला दूध घालणारा माणूस. सिरिंजकडं बराच वेळ बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "लई दाट दिसतंय. फॅट किती लागली?"

*

एका आजींना सांगितलं होतं, ऑपरेशनआधी कुत्रीला काही खायला घालू नका. भुलीत उलटी झाली तर श्वासात जाते. आल्या तेव्हा कुत्री टुणटुणीत, आणि घेरी आजींना!

"ती माझ्या ताटाकडं बघत बसली. मला घास गिळंल व्हय?"

कुत्रीची सुई बाजूला, आधी आजींना साखरपाणी. तेव्हापासून बाईंच्या सूचनांच्या कागदावर एक ओळ जास्त आहे : 'मालकाने जेवून यावे.'

*

एक रिटायर सुभेदार. "रक्तबिक्त लई बघितलंय, मी इथंच थांबतो." बाईंनी औषध सोडायला घेतलं. मान आधी पडली ती साहेबांची! आम्ही पाणी मारून उठवलं, तर झोपलेल्या कुत्रीकडं बोट दाखवून विचारतात, "हिनं बघितलं का?"

*

आणि आमच्या गल्लीतली काळी. माझ्या हातच्या भाकरीवर वाढलेली. दोन वेळा व्याली, दोन्ही वेळची पिल्लं गाड्यांखाली गेली. म्हणून ऑपरेशन ठरलं. मी बाईंना म्हटलं, "बाकीच्या रागावल्या तर रागावू द्या. हिचा पाय तेवढा दुसऱ्या कुणाला धरू द्या."

पण ती दुसऱ्याला जवळ येऊ देईना. शेवटी मीच धरला. अंगठा दाबला, शीर फुगली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मान जड झाली.

जखम सुकल्यावर गल्लीत आणून सोडली. मी दिसलो, की उठून पलीकडं जायची. भाकरी टाकली तर हुंगायची आणि तशीच सोडायची. तीन दिवस! बायको म्हणाली, "येईल हो." मी भाकरी मात्र रोज टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी कामाला निघालो, तर दारातली एक चप्पल गायब. मी पायरीखाली वाकून बघतोय, तेवढ्यात शेजारचा रमेश रस्त्यातूनच ओरडला,

"तात्या, चप्पल हुडकू नका! काळी पोटाशी घेऊन बसलीय आमच्या ओट्यावर, अन् मला माझ्याच घरात जाऊ देईना!"