इंटर्वलचा डबा

मागच्या दिवाळीत भाच्यानं मला मॉलमधल्या सिनेमाला नेलं. दारातल्या पोरीनं माझी पिशवी उचकली, चिवड्याची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, खायचं आत न्यायला परवानगी नाही." भाचा लाजून दुसरीकडं बघायला लागला. मी पुडी तिथंच सोडली आणि आत जाऊन तीन तास कुढत बसले. चिवड्याचं दुःख नव्हतं. मला भागूबाई आठवली होती, आणि ती आठवली की माझा दिवस वाया जातो.

शहागंजातल्या आमच्या टॉकीजला बायकांचं दार वेगळं होतं. जिना वेगळा, वरची गॅलरी वेगळी. तिला जनाना म्हणत. गॅलरीला पडदा होता. दिवे गेले की तो सरकायचा, दिवे आले की परत ओढला जायचा. पोलीस ॲक्शन होऊन आठ वर्षं झाली होती, निजामाचं राज्य बुडालं होतं, पण तो पडदा जागचा हलला नव्हता. बायका वर, नवरे खाली.

बायकांच्या त्या दारावर भागूबाई असायची. नवरा रझाकारांच्या धामधुमीत गेला, दोन मुली पदरात, म्हणून टॉकीजवाल्यांनी तिला दारावर ठेवलं. रोज पडेगावहून पायी यायची. काटक, काळीसावळी, तोंडानं फटकळ. तिकीट नीट बघायची नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. तोंडं मात्र एकदा बघितली की विसरायची नाही. तिला सगळ्याच जणी अगंतुगं करायच्या, मीही करायचे, आणि ती आम्हाला हवं ते बोलायची.

तेव्हा सिनेमाला रिकाम्या हातानं कुणी येत नसे. तिथं विकत घेऊन खाणं म्हणजे घरात करणारं कुणी नाही, असंच लोक समजायचे. धपाटे, दशम्या, भाजलेल्या शेंगा, फिरकीच्या तांब्यात पाणी, असा सगळा संसार बरोबर यायचा. अडचण एकच होती. डबा बायकोजवळ वर, आणि खाणारा खाली. मग इंटर्वलला भागूबाई जिन्यात उभी राहायची आणि बायका पडद्याच्या फटीतून आपापला माणूस तिला दाखवायच्या. नाव कुणी घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! "ते बघ, जांभळ्या रुमालाचे." "आमच्या रामकिसनचे वडील." "ते नाही का, खोकतायत ते." भागूबाई मुद्दाम विचारायची, "खोकनारे तिघं हायेत, तुमचा कोनता?" सगळा जिना हसायचा. मग ती सात-आठ डबे पदरात घेऊन खाली उतरायची आणि घंटा व्हायच्या आत रिकामे डबे परत आणायची. "भागूबाईच्या हातून एक डबा चुकला नाय," असं ती छाती ठोकून सांगायची. आम्हाला ते खरंच वाटायचं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझे वडील, मधुसूदनराव, शाळेतून निवृत्त होऊन घरी शिकवण्या घ्यायचे. कचेरीतले उर्दूत शिकलेले कारकून त्यांच्याकडं मराठी खलिते लिहायला शिकायला यायचे, कारण राज्य बदललं होतं आणि कचेरीची भाषाही बदलत होती. त्यात श्रीधर होता. काळी टोपी, मान जरा खाली, आणि अक्षर मोत्यासारखं, पण उर्दूचं. मराठी लिहिताना त्याची लेखणी अडखळायची आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. मी चहा आणून ठेवायचे. वर्षभरात आम्ही एकमेकांशी वीस वाक्यंही बोललो नसू. त्याला काय वाटतंय ते मला ठाऊक होतं, आणि मला काय वाटतंय ते मी माझ्या आईलासुद्धा कळू दिलं नाही.

छप्पन सालच्या शेवटी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि श्रीधरची मुंबईला बदली झाली. त्यानं वडिलांना वही परत दिली तेव्हा ती मी उचलून आत नेली. वहीत चिठ्ठी होती. मला ती अजून पाठ आहे. 'मंगळवारी निघतो. मामांना तुमच्या घरी पाठवण्याआधी तुमचं मन कळावं. रविवारी तीनच्या खेळाला मी खाली खांबाशी बसेन. इंटर्वलला तुमच्याकडून डबा आला तर सोमवारी मामा येतील. नाही आला तर मी समजून जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही.'

मला न विचारता माझं लग्न ठरवायला सगळं घर मोकळं होतं. विचारणारा हा एकटाच निघाला. मी शनिवारी साटोऱ्या केल्या. आईला म्हटलं, सिनेमाला न्यायच्या आहेत, आणि ते खोटं नव्हतं. शेजारच्या मनकर्णाबाईंबरोबर गेले. पहिल्या अर्ध्या खेळात पडद्यावर काय चाललं होतं ते देवाला माहीत. मी खाली अंधारात ती टोपी शोधत होते. सापडली. खांबाजवळ, ताठ बसलेली.

इंटर्वल झाला. मनकर्णाबाई डुलक्या घेत होत्या. जिन्यातली गर्दी ओसरेपर्यंत मी मुद्दाम थांबले आणि शेवटचा डबा माझा दिला.

"कुनाला द्यायचा, ताई?" भागूबाईनं विचारलं.

"खांबाजवळ बसलेत. काळी टोपी."

"नाव काय?"

मी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. भागूबाईनं माझ्याकडं बघितलं, गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "बरं बरं. समजलं म्या." आणि उतरली.

घंटेच्या आधी डबा परत आला. रिकामा. "खाल्ला का गं?" मी विचारलं. "खाल्ला की. समदा," ती म्हणाली आणि घाईघाईनं दाराकडं गेली. खेळाचा उरलेला अर्धा भाग मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या सुखात मी नंतर कधीच बसले नाही.

सोमवारी मामा आले नाहीत. मंगळवारी गाडी गेली. बुधवारीही मी दाराकडं कान देऊन होते, वेडी.

माझ्या साटोऱ्या खाऊन, डबा पुसून परत पाठवून, तो माणूस निघून गेला होता. मला हे असंच दिसलं. मन बदललं असतं तर डबा न उघडता परत पाठवायचा होता. खायचा कशाला? मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पत्र पाठवावं असं एकदाही वाटलं नाही, इतकी मी रागानं भरलेली होते. पुढं स्थळं आली, चांगली आली. मी नाही म्हणत राहिले. वडील थकले, आई रडून रडून गप्प झाली. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि खडूस बाई म्हणून नाव कमावलं. दुसऱ्या कुणासाठी डबा भरावा असं मला पुन्हा वाटलं नाही, एवढंच खरं कारण.

भागूबाईवर माझा राग नव्हता. उलट ती मला आवडायची. शाळेतल्या बायकांबरोबर टॉकीजला गेले की ती माझ्या शेजारी टेकायची, मुलींची गाऱ्हाणी सांगायची, माझ्या डब्यातला घास खायची. एक गोष्ट मात्र लक्षात यायची. त्या रविवारनंतर तिनं 'एक डबा चुकला नाय' हे बोलणं सोडून दिलं होतं. मला वाटलं, वय झालं.

त्र्याऐंशी साली श्रीधर आमच्या घरी आला. बायकोला वेरूळ-खुलताबाद दाखवायला आणलं होतं, जाता जाता गुरुजींच्या घरी डोकावला. गुरुजी जाऊन बारा वर्षं झाली होती. मी पोहे केले. बायको साधी होती, हसरी होती, तिनं दुसऱ्यांदा मागून घेतले. ती हात धुवायला मागं गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "कालिंदीबाई, एक सांगायचं राहिलं होतं. त्या वेळी माझा राग नव्हता तुमच्यावर. तुमच्या मनात नव्हतं, तुम्ही डबा पाठवला नाहीत. स्पष्ट कळलं ते बरं झालं."

मी हातातली ताटली खाली ठेवली.

"मागच्या माणसानं टोपी काढायला लावली," तो हसून सांगत होता. "ती मांडीवर ठेवून इंटर्वलभर बसलो होतो. आजूबाजूला सगळ्यांचे डबे उघडले. पलीकडच्या खांबाजवळच्या एका टोपीवाल्याकडं साटोऱ्या होत्या. वास येत होता. शेवटी उठून बाहेर गेलो."

बायको पदराला हात पुसत परत आली. मी त्याला काय सांगायचं होतं? तिच्या देखत? मी म्हणाले, "पोहे घ्या ना अजून." त्यानं घेतले. संध्याकाळच्या गाडीनं ते दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी पडेगावला गेले. भागूबाई लेकीच्या घरापुढं ओट्यावर ऊन खात बसली होती. डोळ्यांत फूल पडलेलं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "छप्पन साली मी तुझ्याजवळ साटोऱ्यांचा डबा दिला होता. कुणाला दिलास?"

तिनं 'कोनता डबा' असं विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

"दुसऱ्याला गेला, ताई," ती म्हणाली. "डबा घ्याया गेले तवा त्यो बाप्या म्हनला, माझ्या घरचं तर कुनी आलं नाय, कुनी धाडलं? त्यानं समदं खाल्लं व्हतं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी वरडला असता, मालकापोतर गेलं असतं. पोरी ल्हान व्हत्या माझ्या. म्या म्हनलं, खानंच व्हतं. एकाच्या जागी दुसऱ्यानं खाल्लं."

"खाणं नव्हतं ते!" मी ओरडले. माझा आवाज इतका चढला की आतून तिची लेक बाहेर आली. मग मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, मामा, मंगळवारची गाडी, सत्तावीस वर्षं. तिला दुखावं म्हणूनच सांगितलं, मी काही साधुसंत नाही. भागूबाई ऐकता ऐकता खाली खाली वाकत गेली. तिनं कपाळ गुडघ्याला टेकवलं आणि लेकीनं धरलं तरी वर केलं नाही. मला वाटलं होतं, तिला असं बघून मला बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले.

शेवटी तिनं तोंड वर केलं. "म्या चुकले, ताई. लई चुकले," ती म्हणाली. मग चाचपडत माझा हात धरून विचारलं, "पर म्या तुमाला नाव इचारलं व्हतं. जिन्यात आपुन दोघीच व्हतो, आयकाया दुसरं कुनी नव्हतं. आन् तुमचं तर लगीनबी झालं नव्हतं. मंग का नाय सांगितलं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरोखर कळत नव्हतं.

"लाज वाटली गं," मी म्हणाले. ते खोटं होतं. लाज वाटलीच नव्हती. त्या जिन्यात मला इतका आनंद झाला होता की कुणी लावायच्या आत मी स्वतःच माझं लग्न लावून मोकळी झाले होते. चार पायऱ्यांवर, पाच मिनिटं, मी त्याची बायको होते, आणि बायको नाव घेत नाही.