सुरुंगाच्या वेळेला लावलेला कौल

माझ्या आत्याच्या झऱ्याचं पाणी एवढं गार, की एकदा तिच्या म्हशीनं ते भर उन्हाळ्यात पोटभर प्यायलं आणि संध्याकाळी धारेला कुल्फी आली. हे मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सांगितलं तेव्हा लोक हसले. महाडला कॉलेजात सांगितलं तेव्हा एकानं वहीत लिहून घेतलं. मी संशोधनाकडे वळलो तो तेव्हापासून, असं म्हणायला हरकत नाही.

आता मी खाणकामाच्या इंजिनिअरिंगचा माणूस आहे. दगड फोडताना माणसं मरू नयेत, धूळ छातीत जाऊ नये, आणि ज्याच्या डोंगरातून दगड काढला त्याच्या पदरात काहीतरी पडावं, असल्या विषयांवर मी निबंध लिहितो. वाडीला एवढंच कळतं, की मी दगडांचा डॉक्टर आहे. कुणाला मुतखडा झाला की फोन मला येतो.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला. वाडीच्या डोक्यावर देवराई, तिच्यात देवाचा चौथरा. देवराईच्या पलीकडे ओढा, ओढ्याच्या काठाला आत्याचा झरा. आत्याचा म्हणजे सगळ्यांचाच, पण चाळीस वर्षं पहाटे पहिला हंडा तिचा, म्हणून तिचा. आणि झऱ्याच्या पलीकडच्या टेपाडाला काळ्या दगडाची खाण. तिथली खडी खाली हायवेला जाते. कशेडी घाटाच्या अंगानं तुम्ही कधी गेला असाल, तर आमच्या डोंगराचा निदान एक तुकडा तुमच्या चाकाखाली आला असणार.

यंदा शिमगा उरकून मुंबईकर परत गेले, आणि खाणवाल्यांनी ग्रामसभेकडे अर्ज टाकला. त्यांना खाण ओढ्यापर्यंत पुढे आणायची होती आणि त्यासाठी गावाची ना हरकत हवी होती. अर्जाबरोबर वाडीला एक प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आली, इतकी मोठी, की तिच्यात आमचे दोन्ही सरपंच, आजी आणि माजी, भांडण न करता मावले असते. टाकीवर निळ्या अक्षरांत ‘सामाजिक बांधिलकी’ असं रंगवलेलं. टाकीत पाणी मात्र झऱ्याचंच भरायचं होतं.

मी तेव्हा सुट्टी काढून वाडीतच होतो, सुरुंगाचे हादरे मोजायचं यंत्र घेऊन. माझी भीती साधी होती. आमच्या काळ्या दगडाच्या पोटात बारीक चिरा असतात, पाणी त्यांतूनच वाट काढत झऱ्याला येतं. सुरुंग जवळ आला की चिरा सरकतात, आणि पाणी एखाद्या सकाळी दुसऱ्याच वाटेनं निघून जातं. जाताना सांगत नाही. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “तू सांगतोस म्हंजे आर्धा खरा. पन कुठला आर्धा, ता कसा कळावा?”

आमच्याकडे असल्या प्रश्नाला ग्रामसभा नंतर, आधी कौल. गुरव देवाचा पाषाण धुतो आणि दोन ओल्या कळ्या त्याच्या दोन खांद्यांना चिकटवतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मग सगळ्यांनी बसून वाट बघायची. मी गुरवकाकांची परवानगी काढून यंत्र चौथऱ्याच्या पायाशी मातीत रोवलं.

काकांनी वाकून बघितलं. “ह्याला निवद काय लागतो रे?”

“बॅटरी लागते, काका.”

“म्हंजे उपाशी नाय ऱ्हात. आमच्यातलाच हाय.”

खाणीचा मॅनेजर महाडहून आला होता. गोरागोमटा, बोलायला गोड. चौथऱ्यापासून आदरानं लांब खुर्ची टाकून बसला आणि माझ्या यंत्राकडे बघून म्हणाला, “सर, उगाच त्रास घेतलात. देवापर्यंत आमचा हादरा येतच नाही. अर्जात तसं लिहूनच दिलंय.” वाडीतून मुंबईला गेलेल्यांचं मंडळ व्हिडिओ कॉलवर हजर होतं. गुरवाच्या पुतण्यानं फोन फणसाच्या फांदीला टेकवून ठेवला होता, आणि त्यातून मधूनमधून आवाज येत होता, “देवाला जरा फ्रेममध्ये घ्या रे!”

काकांनी गाऱ्हाणं घातलं. “देवा, खाण वड्यापातूर येऊ मागते. उजवा दिलास तर येऊ दे, डावा दिलास तर हाय तितं ऱ्हाऊ दे. तुझी लेकरा बसलीत, काय ता सांग.”

आम्ही बसलो. पाच मिनिटं, दहा, पंधरा. मग पलीकडे भोंगा झाला, धडाम झालं, आणि कुणीही मान वळवली नाही. दुपारी एकच्या सुरुंगाला आमच्या वाडीत कुणी आवाज समजत नाही, वेळ समजतात. बायका त्यावर भात उतरवतात, म्हातारे गोळी घेतात. माझी काकू तर सुरुंग झाला नाही त्या दिवशी तीन वाजेपर्यंत उपाशी बसली होती. धडाम झालं त्याच क्षणाला उजवी कळी पडली.

“दिला! उजवा दिला!” मॅनेजरनं उभं राहून हात जोडले. फोनमधून मुंबई ओरडली, “नाय दिसला! रिप्ले दाखवा!”

आत्यानं पदर डोक्यावर ओढून नमस्कार केला.  मग शेजारणीला हळूच विचारलं, “टँकरचा पानी पितळंच्या हंड्यात चालतो काय गो?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचाच मला धक्का बसला. देवानं दिलं म्हणजे दिलं. तिनं झरा मनातून सोडूनसुद्धा दिला होता.

माझ्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ होती. लांब, सरळ, आणि बरोबर एकच्या ठिकाणी तिला उंचवटा आलेला. इतकी खरी गोष्ट आयुष्यात मी कधी हातात धरली नव्हती. आणि माझ्यावर विश्वास ठेवील असं तिथं एकही माणूस नव्हतं.

मी म्हणालो, “काका, मागं विहिरीचा कौल लावला होता तेव्हा शेळी चौथऱ्याला घासली. काय केलंत?”

“बाद केला. धक्का लागला का कौल बाद. बापजाद्यांचा नेम हाय.”

“मग आजही शेळी आली होती.”

सगळी देवराई शेळी शोधायला लागली. एकानं चौथऱ्यामागं डोकावून बघितलं. “कुठं हाय?”

“एक वाजता येते. रोज येते. अंगानं जरा जाड आहे, आणि खाणीत राहते.”

मी पडदा फिरवून दाखवला. मॅनेजर हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “ह्याच्या यंत्राचा काय घेऊन बसलाय! ह्याच्या आत्याच्या म्हशीनं कुल्फी दिलीली.” यावर हशा एवढा झाला, की देवराईतली पाखरं थेट पाचाडपर्यंत उडून गेली असतील. मीही हसलो. दुसरं काय करणार?

गुरवकाका मात्र हसले नाहीत. त्यांचा धाकटा त्या खाणीत डंपर चालवतो. खाण पुढे आली तर त्याचं काम पक्कं होतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी पडलेली कळी उचलून तळहातावर धरली. मग म्हणाले, “उद्या एकला या सगळी. यंत्र नको. तांब्या ठेवू.”

दुसऱ्या दिवशी कळ्या नव्हत्या. चौथऱ्यावर काठोकाठ भरलेला तांब्या, त्यात वरची पानं उलटी लटकलेली, आणि पानांच्या फटीतून निळ्या आभाळाचा एक तुकडा. आम्ही सगळे त्या तुकड्याभोवती वाकून बसलो. भोंगा झाला. धडाम झालं. आभाळ थरथरलं, त्याच्यावर बारीक बारीक वेटोळी उठली, आणि एक थेंब काठावरून घरंगळला.

 मॅनेजर बुटांकडे बघायला लागला. हादरा येतो म्हणावं तर कौल बाद, येत नाही म्हणावं तर तांब्या समोर ओला.

आत्या त्या थेंबाकडे बघत म्हणाली, “झरा तर हितल्यापरास खाणीला जवळ. हितं पानी असा हालतो, तर तितं रोज काय होत आसल रे?”

काकांनी तांब्या उचलला आणि पाणी देवाच्या पायावर ओतलं. “कालचा कौल बाद. परत लावायचा. रविवारी, खाण गप आसते तवा.”

त्या रविवारसारखी शांतता मी कुठं ऐकली नाही. हो, ‘ऐकली’च म्हणतो, कारण ती ऐकू येत होती. दोन्ही कळ्या पाषाणाला बिलगून बसल्या होत्या आणि पडायचं नाव घेत नव्हत्या. दुपार मधासारखी वरून खाली सरकत होती. पानांच्या सावल्या आमच्या अंगावरून चालत गेल्या. आधी म्हातारे पेंगले, मग बायका. मुंबईच्या फोनमधून कुणाचं तरी घोरणं ऐकू यायला लागलं, आणि वर एक ककणेर, म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश, पंखांचा भात्यासारखा आवाज करत गेला, तो इतक्या सावकाश, की त्याचा अर्धा भाग अजून तिथंच असेल.

माझे डोळे मिटले आणि मी दगडात उतरलो. खरंच उतरलो. पायऱ्या होत्या. आत काळोख नव्हता, जुना मऊ उजेड होता. दगड कधी काळी रसरशीत वाहिला होता, त्याचे बुडबुडे तसेच राहिले होते, आणि त्या बुडबुड्यांच्या आतल्या भिंतींवर पांढरेशुभ्र स्फटिक वाढत होते, भाताच्या लोंब्यांसारखे. पाणी एकेका खोलीत शिरायचं, थोडं बसायचं, स्फटिकाला एखादा कण द्यायचं आणि पुढं निघायचं. मी विचारलं, कुठवर? ते म्हणालं, हंड्यापर्यंत. घाई नव्हती त्याला. किती हजार वर्षं चाललं होतं, ते माझ्या आकड्यांत मावलं नसतं. मग वरून कुणीतरी माझा खांदा हलवला.

आत्या होती. “ऊठ रे मेल्या. दिला.”

डावी कळी खाली पडली होती. ऊन फणसाच्या शेंड्याला गेलेलं, माणसं डोळे चोळत एकमेकांना विचारत होती. पडताना कुणी पाहिली? कुणीच नाही. फक्त गुरवकाका जागे होते, चौथऱ्याजवळ मांडी घालून.

चौथऱ्याच्या पायाशी पुन्हा रोवलेल्या यंत्राकडे मी धावलो. रेघ सरळ. दुपारभर एक कणसुद्धा वाकलेली नाही.

“काका, पडली कशी?”

“देवानं दिला,” काका म्हणाले, आणि नजर न देता फुलं गोळा करायला लागले.

बोटाचा हलका स्पर्श माझं यंत्र पकडत नाही, हे मला माहीत होतं. मी आणखी विचारलं नाही. रोज थापा मारणाऱ्या माणसाला एवढं तरी कळलं पाहिजे, की कुठं गप्प बसायचं.

ग्रामसभेनं मग लिहून दिलं. ओढ्याकडे हरकत आहे. पलीकडच्या कड्याला नाही. सुरुंग एकदम नाही, थोडे थोडे करून. आणि झऱ्याच्या पाण्यावर दर महिन्याला नजर. मॅनेजर आधी कुरकुरला, मग त्यानं सही केली. टाकी राहिली. काकांचा धाकटा आता डोंगराला वळसा घालून लांबच्या फेऱ्या मारतो, रात्री उशिरा जेवतो. काका त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

नजर ठेवायला माणूस कोण, हा प्रश्न आला तेव्हा आत्यानं हात वर केला. तिला मी मोजपट्टी दिली, ती तिनं पापड उलटायला घेतली. झऱ्यात तिनं स्वतःची बांबूची काठी रोवली आणि कोयत्यानं एक खाच पाडली. चाळीस उन्हाळ्यांत पाणी त्या खाचेखाली कधी गेलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. खाच उघडी पडली तर धोका.

मेच्या शेवटी तिचा फोन आला. मी ऑफिसात, समोर चार माणसं.  पलीकडे हंडा बुडताना होतो तो आवाज झाला.

“खाच दिसत नाय,” ती म्हणाली. “हात घालून बघितला. चार बोटा पान्याखाली हाय. लिव.”

मी लिहिलं.