मागनं काय येतंय

त्या दिवशी ट्रक तिन्हीसांजेपर्यंत अडून राहिला तो आमच्या आबांमुळे. गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे त्यात बसले होते त्यांना आठवत असेल. धरणाचं पाणी खालच्या शेतात शिरलं होतं, भांडीकुंडी चढली होती, ड्रायव्हर शिव्या घालत होता, आणि माझे वडील मधमाश्यांच्या लाकडी पेटीशेजारी उकिडवे बसले होते. "रानात गेल्याली माशी घरी येऊ द्या. मग निघू." माश्या घरी आल्या, आबांनी पेटीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि आम्ही घर सोडलं.

आणि मी? तोंडाला पावडर फासून ड्रायव्हरशेजारच्या जागेसाठी धडपडत होते. कोयनेच्या खोऱ्यातून सांगलीकडे, म्हणजे थेट शहरात, असं मैत्रिणींना ऐकवून आले होते ना! शहर कसलं? पत्र्याच्या शेडी आणि भोवती ऊसच ऊस. घामानं पावडर ओघळलेलं माझं ध्यान बघून आई म्हणाली, "उतरा म्हाराणीसायेब, आला तुमचा वाडा."

एका बाबतीत मात्र मी खरीच महाराणी होते. जीभ! गावी असताना आबा डोळे मिटायला लावून करंगळीवरचा मध चाटवायचे. "पुढनं समदाच ग्वाड लागतो. मागनं काय येतंय, त्ये सांग." घशाशी कडसर रेंगाळला तर जांभळाचा. जिभेच्या कडा आवळल्या तर हिरड्याचा. कारवी वर्षानुवर्षांनी एकदा फुलायची. तिचा मध घट्ट, आणि गिळल्यावर ओल्या कातळासारखा. जांभूळ ऐलतीरचं की पैलतीरचं, तेही मी ठोकून द्यायचे. चुकलं की शेजारची धोंडाकाकू अंगणातून ओरडायची, "आगं, नाक मुरडाय येतंय तेवढं! चव कुटं कळतीया तुला?"

नव्या जागेतला पहिला मध निघाला तेव्हा शेडीसमोर सगळे जमले. आपल्याबरोबर निदान एवढं तरी आलं, असं प्रत्येकाला वाटत होतं. आबांनी करंगळी पुढे केली. मी मोठ्या ऐटीत डोळे मिटले. पुढून गोड. मागून पुन्हा गोड, गुळमट.

"काकवी!" मी म्हणाले.

उसाच्या पट्ट्यात फुलं कुठली? माश्या गुऱ्हाळावर जाऊन काहिलीकाठी सांडलेली काकवी चाटत होत्या. आणि मी शहाणी शाबासकीची वाट बघत उभी! "आबा, बरुबर न्हवं?"

"बरुबर," आबा म्हणाले आणि करंगळी धोतराला पुसली. धोंडाकाकूसुद्धा काही बोलली नाही.

पुढे एका सकाळी पेटी रिकामी होती. जागा मानवली नाही की ही माशी सगळा संसार घेऊन उठते. आबांनी झाकण लावलं. "त्यास्नी जाता आलं," एवढंच म्हणाले. आईनं मग त्या पेटीत कांदे ठेवले.

आता मी सांगलीत, विश्रामबागेत लेकाकडे असते. नातवंडं कुठकुठल्या बाटल्या आणतात, महाबळेश्वरच्या, हिमालयातल्या, एक तर परदेशातली. चमचा पुढे करतात. "आजी, सांग." मी डोळे मिटते, ओठ मुडपते, चांगली ताटकळवते आणि सांगते, "जांभूळ. पैलतीरचं." कडसर, तुरट, ओला कातळ, शब्द सगळे तोंडपाठ आहेत. चव एकाचीही आठवत नाही. दोन्ही तीर पाण्याखाली, आबा-आई गेले, धोंडाकाकू गेली. तुम्हीही असेच कुठल्या कुठल्या शेडींत पांगलात, आणि तुमच्यातलं कोण उरलंय तेही मला ठाऊक नाही.

परवा चमच्यात निव्वळ साखरेचा पाक होता. मागून काहीच येत नव्हतं. मी ठासून सांगितलं, "कारवी."

आणि कुणी ओरडतंय का म्हणून जरा थांबले. फ्लॅटला अंगण नाही, तरी थांबले. माझी थाप जिथे एक दिवस चालली नसती, तेवढंच आता माझं गाव.

नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.