चालत्या वस्तूंचं काय करायचं

मिस्त्रींच्या घरात पंखे सात होते आणि वारा एकाचाच लागायचा. उरलेल्या सहांपैकी दोन कपाटावर, तीन पलंगाखाली आणि एक, पाती काढलेला, न्हाणीघराच्या माळ्यावर. इस्त्र्या अकरा, तापायची एक. मिक्सर किती ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आलेला पाहुणा आधी बसायला जागा शोधायचा आणि ती सापडेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची.

याला मिस्त्री पसारा म्हणत नसत. माल म्हणत. जिन्याखालच्या बोळकंडीत चाळीस वर्षं त्यांनी घरगुती यंत्रं दुरुस्त केली होती आणि दुकान सोडलं तेव्हा तिथलं सगळं वर आलं होतं. त्या धंद्याचे दोन नियम त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. दुरुस्त झालेली वस्तू अडवून ठेवायची नाही, चालवून बघायची, तिला 'चालू' अशी चिठ्ठी बांधायची आणि लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. मोडकी मात्र टाकायची नाही, कारण तिच्या पोटातल्या एखाद्या भागावर उद्या दुसरीचं काम निघतं. मोडकी वस्तू 'वापरा' म्हणून कुणाच्या हातात देणं म्हणजे तर स्वतःचं नाक स्वतःच्या हाताने कापून घेणं.

तर असं सगळं चाललं होतं आणि मरेपर्यंत चाललंही असतं, पण बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

आठ महिने झाले, ती जिना उतरली नव्हती. दिवसभर खिडकीशी बसायची. वरून बघून बघून रस्त्यावरच्या निम्म्या पुरुषांची टक्कलं तिला पाठ झाली होती आणि चेहरे विसरायला लागले होते. बसायला तिला एकच खुर्ची चालायची, मिस्त्रींनी खास बनवलेली. जुन्या लाकडी खुर्चीच्या पायांना चार बोटं उंचीचे ठोकळे जोडले होते, हात रुंद केले होते. साध्या खुर्चीत बसली तर तिला दोघांनी ओढून काढावं लागे. या खुर्चीतून ती हातांवर जोर देऊन आपली आपण उठायची.

त्याच इमारतीत तळमजल्यावर एक जागा रिकामी झाली. एक खोली आणि तळहाताएवढं स्वयंपाकघर. मालक म्हणाला, शनिवारी राहायला आलात तर तुमची, नाहीतर दुसरं कुटुंब तयारच आहे. मिस्त्रींची मुलगी परगावी नोकरीला होती, ती चार दिवसांची रजा काढून आली. आल्या आल्या टेप घेऊन खालची खोली मोजून आली.

"बाबा, एक पलंग, एक कपाट, एक टेबल आणि तुम्ही दोघं. एवढंच मावतं."

"आणि माल?"

"माल नाही."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मालाला न्या खाली. मी राहते इथेच. नाहीतरी माझे कुठे सुटे भाग निघणार आहेत!"

कमी वस्तूंत कसं राहावं याचं मुलीने फोनवर बरंच काही वाचलं होतं. ती स्वतःही तसं राहायला लागली होती म्हणे. तिच्या घरी चार ताटं, चार वाट्या, पाचवा माणूस आला की बशीत जेवायचं. बुधवारी संध्याकाळी तिने वडिलांना समोर बसवलं.

"सोपं आहे बाबा. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू द्यायची."

"मी सगळ्यांना हात लावतो. दर महिन्याला पुसतो."

"पुसणं धरायचं नाही."

"बरं. ती बॅटरीवरची बत्ती आहे. वर्षभर वीज गेली नाही. मग द्यायची?"

"ती ठेवा."

"म्हणजे नियम बदलला."

"बाबा!"

"नाही, मी आपलं विचारतोय. कामाचा नियम नीट कळलेला बरा."

त्यांना खरंच कळत नव्हतं. चिडवायचं म्हणून ते बोलत नव्हते. गुरुवारी सकाळपासून ते मन लावून बसले. स्क्रूंची एक मोठी बरणी जमिनीवर ओतली, चांगले-वाईट निवडले, आणि संध्याकाळी तेच स्क्रू दोन डब्यांत भरले. बरणी रिकामी झाली म्हणून बाजूला ठेवली. मुलीने पाहिलं तर सकाळी एक वस्तू होती तिथे आता तीन झाल्या होत्या. ती आईजवळ जाऊन उशीत तोंड खुपसून हसली की रडली, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी ती मालकाकडे कागद करायला आणि किल्ली आणायला निघाली. जाताना दारातून म्हणाली, "दुपारी वृद्धाश्रमाचा टेम्पो येईल. त्यांच्या उपयोगाचं असेल ते द्या. मोडकं संध्याकाळी भंगारवाला नेईल. आणि उद्या नऊला दोन हमाल येणार आहेत, आईला खुर्चीत बसवूनच खाली नेणार. प्लास्टिकची खुर्ची चालणार नाही, पाय फाकतात म्हणाले. मी सांगितलंय, आमची लाकडी आहे, दणकट."

मिस्त्री त्या वेळी एका मिक्सरच्या झाकणात होते. 'वृद्धाश्रम' आणि 'टेम्पो' एवढं त्यांच्या कानांनी आत घेतलं, बाकीचं दारातच राहिलं.

वृद्धाश्रमाला द्यायचं म्हणजे चांगलंच द्यायला हवं. चालतं तेच द्यायला हवं. त्यांनी पंखा लावून पाहिला, गरगर फिरला; चिठ्ठी बांधली, 'चालू'. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं, चिठ्ठी. मिक्सर, किटली, रेडिओ. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा हात झरझर चालत होता. चिठ्ठी बांधलेली वस्तू दाराबाहेर गेली की मन कसं हलकं होतं, हे ते दुकान सुटल्यापासून विसरूनच गेले होते. हेच का ते कमी वस्तूंचं सुख, असंही त्यांना क्षणभर वाटलं. मग खुर्ची दिसली. तिच्यात तर तसूभर खोट नव्हती.

"अगं," त्यांनी आत डोकावून विचारलं, "खुर्ची देऊ का?"

बायको पलंगावर पडली होती, डोळा लागत होता. "काय वाटेल ते द्या," ती म्हणाली, "पण मला खाली न्या."

मिस्त्रींनी खुर्चीला चिठ्ठी बांधली.

चार वाजता मुलगी किल्ली नाचवत आली. घामाघूम झाली होती. तिने पंख्याचं बटण दाबलं आणि वर नुसता हूक लोंबताना दिसला.

"बाबा, पंखा?"

"दिला."

"कुठला?"

"चालतो तो."

"आणि ठेवला कुठला?"

"सहा आहेत की."

ती घरभर फिरली. एकेका वस्तूचं नाव घ्यायची आणि मिस्त्री मान डोलवायचे. किटली? दिली. इस्त्री? दिली, चांगली तापत होती. शेवटी ती खिडकीशी थांबली आणि तिथली रिकामी फरशी बघत राहिली.

"आईची खुर्ची?"

आता कुठे मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. अर्धा जिना उतरून परत आले, चपला घातल्या आणि निघाले.

वृद्धाश्रम दोन गल्ल्यांपलीकडे होता. व्हरांड्यातच खुर्ची मांडली होती आणि तिच्यात एक लांबुडके आजोबा बसले होते. मिस्त्री समोर जाऊन उभे राहिले. शब्द जुळवत होते, तेवढ्यात आजोबांनी दोन्ही हातांवर जोर दिला आणि उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उठले.

"बघितलंत?" आजोबा म्हणाले. "कुणाला हाक नाही मारावी लागली! सकाळपासून... सकाळी कुठे होती म्हणा. दुपारपासून सोळा वेळा उठलोय."

"दमाल," मिस्त्री म्हणाले.

"दमू द्या हो."

मिस्त्रींनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, खाली बसून डाव्या ठोकळ्याचा टेम्पोत सैल झालेला स्क्रू आवळला, आणि परत आले.

घरी येऊन त्यांनी झालं ते सांगितलं. मुलीने कपाळाला हात लावला. "आता एवढ्या संध्याकाळी कुठून आणायची तशी खुर्ची?" बायको मात्र चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं तिच्या रागाची सवय होती, तो कुठून उतरवायचा हे ठाऊक होतं. ती नुसती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "राहू दे. आठ महिने राहिले, अजून राहीन."

मिस्त्री तिथेच उभे राहिले. द्यायचं म्हणून दिलं, तर चूक. ठेवायचं म्हणून ठेवलं, तर चूक. माणसाने करायचं तरी काय? मग ते गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा पाठीमागून तीन खुर्च्या आल्या. एकीला पाय दोनच. एकीची बैठक गेलेली. तिसरीला पाठ नव्हती, पण हात असे भक्कम की त्यांवर दुसरा माणूस बसावा.

त्यांनी करवत काढली.

भंगारवाला आला तेव्हा ते बायकोच्या पलंगाशी बसून तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजत होते. मुलीने दारातून विचारलं, "बाबा, पंखे देऊ? इस्त्र्या?"

"बोलू नकोस. सतरा... सतरा आणि अर्धा."

"देऊ ना?"

"हं, हं. कडेने न्या, भुसा उडेल."

खडखडाट झाला, पायऱ्यांवर लोखंड आपटलं, पिशव्या घासत गेल्या. मिस्त्रींनी वर पाहिलंही नाही. दिवे लागायच्या आत खुर्ची उभी राहिली. पाय एका लाकडाचे, हात दुसऱ्याचे, पाठ किंचित तिरकी. मुलगी आधी बसून बघते म्हणाली. "थांब," मिस्त्री म्हणाले आणि स्वतः खुर्चीवर तीनदा धपकन बसले. मोडायची असेल तर आत्ताच मोडू दे.

मोडली नाही.

शनिवारी नऊच्या ठोक्याला हमाल आले. एकाने पाठ धरली, एकाने पुढचे पाय, आणि बायको जिना उतरायला लागली. मिस्त्री पुढे उलटे उतरत होते, दोन्ही हात पसरून, जणू पडलीच तर तिघांनाही झेलणार.

"बाजूला व्हा हो," ती म्हणाली. "मी पडले तर एक वेळ वाचेन, तुम्ही खाली सापडलात तर भुकटी होईल."

दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर खुर्ची करकरली. सगळे थांबले. पुन्हा करकरली नाही. तळमजल्याच्या दाराशी हमालांनी खुर्ची ठेवली, बायकोने हातांवर जोर दिला, उठली, उंबरठ्यापर्यंत चार पावलं गेली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाकडे टक लावून बघत राहिली.

"अगं बाई," ती हळूच मुलीला म्हणाली, "त्या टकल्याला मिशा आहेत!"

संध्याकाळच्या गाडीने मुलगी गेली. जाताना रिकाम्या भिंतींकडे बघून म्हणाली, "बाबा, जमलं की तुम्हाला."

काय जमलं, ते मिस्त्रींना नीटसं उमगेना. घरात आता चालता पंखा नव्हता आणि मोडकाही नव्हता. इस्त्री एकही नव्हती. वर्षानुवर्षं जपलेल्या मालाची आठवण काढून दुःख होतंय का, हे त्यांनी बसून तपासून पाहिलं. थोडं होत होतं. पण बरंचसं होत नव्हतं, आणि त्याचंच जास्त भय वाटत होतं. सहा पंख्यांत मिळून एक तरी झाला असता. की नसता झाला? इतकी वर्षं तर झाला नव्हता. खिशात हात घातला तर खुर्चीतून उरलेली एक लाकडी खुंटी हाताला लागली. ती टाकायची की ठेवायची, तेही ठरेना.

बायको दाराशी बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत.

"बरी झाली हो खुर्ची," ती मागे न वळता म्हणाली. "करकरत नाही आता."

"नाही ना? स्क्रू बदलला."

"चालू झाली म्हणायची." मग मान वळवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे आता कुणाला देणार?"

मिस्त्री गोंधळले. चालती वस्तू घरात थांबवायचा काय नियम, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी टेबलाच्या खणातून चिठ्ठी काढली, दोरा काढला, पेन्सिलीला थुंकी लावली. 'चालू' लिहिलं. त्याच्याखाली, दुकानात गिऱ्हाइकाचा पत्ता लिहीत तसा, 'तिसरा मजला' लिहिलं. ते खोडलं आणि 'तळमजला' लिहिलं.

"काय करताय मागे?" ती म्हणाली.

"काही नाही. हलू नकोस," मिस्त्री म्हणाले आणि गाठ मारायला वाकले.