भावोजींची बोटं

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हातात लोखंड घेऊन मी माणसाला मारलं ते आयुष्यात एकदाच. तोही सख्ख्या बहिणीचा नवरा, दादरच्या समुद्रावर, हवेत.

सैन्यात मी ज्या जातीच्या हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होतो, त्यातलं एक भंगारातून सोडवून एका हौशी गृहस्थाने पुन्हा उडतं केलं होतं. मी निवृत्त झालो तसं त्याने मला बोलावून घेतलं. यंत्राची साठी उलटलेली. नवे भाग कुठेच बनत नाहीत. मेलेल्या हेलिकॉप्टरचं काढायचं, तपासायचं आणि जिवंताला लावायचं, असा आमचा संसार. शिवजयंतीला शिवाजी पार्कातल्या महाराजांच्या पुतळ्यावर वरून फुलं टाकायची ठरली. फुलं घोडपदेवच्या मंडळाची, आणि मंडळात भावोजी जुने. टाकीन तर मीच, असा त्यांनी हट्टच धरला.

दादरच्या बाजारातून झेंडूच्या पाकळ्या आल्या, कोमेजू नयेत म्हणून पाणी मारलेल्या. गोणी हेलिकॉप्टरमध्ये चढली आणि भावोजींनी बूट काढून बाहेर ठेवले.

"भावोजी, बूट घाला. आत नुसता पत्रा आहे, त्यात ही ओली फुलं."

"महाराजांच्या फुलांना बूट घालून हात लावू? आपल्याला नाही जमायचं रे."

"मग उतरा खाली."

"तू मला उतरवणार? थांब, तुझ्या ताईलाच फोन लावतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सोहळ्याचा दिवस, मान त्यांच्या मंडळाचा. त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, ओढून पाहिला. दाराबाहेर वाकता यावं म्हणून तो लांब ठेवावा लागला.

पायलट पुढे, आम्ही दोघे मागे. पहिली फेरी झकास झाली. पाकळ्या खाली गेल्या आणि भावोजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या फेरीसाठी समुद्रावर वळत होतो, तेव्हा शेपटीकडे धाडकन आवाज झाला. शेपटीच्या छोट्या पंख्याला फिरवणारा एक लांब दांडा असतो. त्याचा जोड तुटला होता. तो पंखा बंद पडला की हेलिकॉप्टर स्वतःभोवतीच गरगरायला लागतं. समुद्र, इमारती, आकाश, पुन्हा समुद्र. गोणी उसळून माझ्या तोंडावर आदळली. डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं, जीभ चावली गेली आणि तोंड रक्ताने भरलं.

ओल्या पाकळ्यांवरून भावोजींचे अनवाणी पाय सटकले. ते पुढे फेकले गेले ते थेट पायलटच्या अंगावर. बुडणारा माणूस हाती लागेल ते धरतो. त्यांनी पायलटचा डावा हात धरला. हेलिकॉप्टर वर-खाली नेण्याचा दांडा त्याच हातात असतो. अशा वेळी तो तत्काळ खाली दाबायचा, इंजिन बंद करायचं आणि मोठा पंखा वाऱ्यावर फिरत असतो त्याच्या जोरावर खाली यायचं. दुसरा मार्ग नाही. आणि भावोजी तो हात वर ओढत होते.

"हाथ छुडाओ इसका!" पायलट किंचाळला.

"भावोजी, सोडा! सोडा म्हणतो ना!"

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. तिथे शहाणपणाला जागाच उरली नव्हती. मी त्यांची बोटं उकलायला गेलो, उकलेनात. मग आग विझवायचा लोखंडी सिलिंडर कडीतून उपसला आणि त्यांच्या बोटांवर घातला. नाही सुटली. पुन्हा घातला. हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहत असतानाच मी आणखी एक घाव घातला, होती नव्हती ती ताकद लावून. खरं सांगतो, त्या घावात भीती नव्हती. संताप होता, त्या बुटांचा आणि त्या हट्टाचा. पकड सुटली.

पायलटने दांडा दाबला, इंजिन बंद केलं. गरगरणं मंदावलं. ओहोटी होती म्हणून दादर चौपाटीची ओली वाळू उघडी होती. तिच्यावर आपटलो, कलंडलो, मोठ्या पंख्याची पाती वाळूत मोडून उडाली. तिघेही जिवंत बाहेर आलो. वाळूवर बसून मी लहान मुलासारखा रडलो.

इस्पितळात भावोजींनी सगळ्यांना सांगितलं, "खाली आपटलो ना, तेव्हा हात अडकला." मीही मान डोलावली. हात बरा झाला, पण बोटं वाकडीच राहिली.

भाऊबीजेला घोडपदेवला गेलो. ताईने ओवाळायचं ताट तयार करून पाटाशी ठेवलं होतं. भावोजी माझ्या शेजारीच बसलेले. त्यांना पाणी द्यावं म्हणून मी तांब्या उचलला, तसा त्यांनी तो हात झटकन छातीशी घेतला आणि तोंड फिरवून डोळे मिटले.

ताई निरांजन लावत होती, ती थांबली.

"यांचा हात कोणी मोडला?" तिने मला विचारलं.

"अगं, सांगितलं ना तुला..." भावोजी म्हणाले.

"तुम्ही थांबा."

"मी मोडला," मी म्हणालो. "पायलटला सोडत नव्हते. तिघेही मेलो असतो, ताई."

तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. एकेक बोट हळूहळू चोळत राहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. मग उठली, ओवाळायचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.